माझ्या उंचीची बॅग

तो आमच्याकडे पहिल्यांदा आला तो कपाळ चोळतच. आमचं दार ठेंगणं आहे. आत्याला आणि मला पुरतं, बाकीच्यांना वाकायला लावतं, म्हणून तर आत्याने ते कधी बदललं नाही.

आत्याची दातांची लॅब आहे. शहरातले दंतवैद्य साचे पाठवतात, आम्ही त्यांवरून दाढा, टोप्या, कवळ्या घडवून देतो. आत्या घडवते आणि ओरडते. मी घडवते आणि ऐकते.

त्याचं जरासं वाकडं नाक बघून आत्याने लगेच ओळखलं. "बॉक्सिंगवाले ना? बसा. तुम्ही पाडा, आम्ही बसवतो. आपला धंदा जोडीचाच."

"दातांवर घालायचं कवच हवंय," तो म्हणाला. "दुकानातलं मला नीट बसत नाही. सारखं बाहेर येतं."

"बोलताना?" मी विचारलं.

"मार खाताना."

हे त्याने इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं की मला हसू आवरेना. साचा घ्यायला मी गुलाबी लगदा कालवला, दातांच्या आकाराच्या ट्रेमध्ये भरला आणि त्याच्या तोंडात दाबून बसवला. लगदा घट्ट होईपर्यंत माणसाला बोलता येत नाही, आणि मला गप्पा सुचतात त्या नेमक्या तेव्हाच. मध्ये तोडणारं कुणी नसतं.

"तुमच्याकडे मुली येतात का शिकायला?"

मान डावी-उजवी. नाही.

"आल्या तर चालेल?"

त्याने मान इतक्या उत्साहाने हलवली की साचा सरकला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. पलीकडून आत्या खाकरली. दुसऱ्या खेपेला मी गप्प बसले. पण तो बसला होता माझ्याकडे बघत... तोंडात लगदा असला तरी डोळे मोकळेच होते ना!

दातांवरून मला माणूस बराच वाचता येतो. रात्री दात खाणारा दिवसा फार गोड बोलतो. एका बाजूने चावणाऱ्याच्या घरात दुसऱ्या बाजूचं बोलणं कुणी ऐकत नाही. याचे दात स्वच्छ, सरळ, कुठे झीज नाही. म्हणजे मनात काही साठवून ठेवत नसणार, असं मी ठरवून टाकलं. माझा अंदाज क्वचितच इतका चुकला असेल.

पुढच्या सोमवारी मी त्याच्या क्लबात हजर.

क्लब म्हणजे गोदामावरचा पत्र्याचा हॉल. घामाचा, चामड्याचा आणि ओल्या टॉवेलांचा वास. मुख्य शिक्षकांना सगळे उस्ताद म्हणत. ते खुर्चीत बसून घंटा वाजवत आणि प्रत्येकाला तो किती आळशी आहे ते सांगत. तो त्यांचा सहायक. उंचीमुळे सगळे त्याला 'शिडी' म्हणायचे. मी दातांच्या लॅबमधून येते हे कळल्यावर माझं नाव पडलं 'दंतमंजन'. नाव पडलं म्हणजे आपण त्यांच्यातले झालो, हे मला तेव्हाच कळलं, म्हणून रागावले नाही. थोडंसं नाटक केलं, इतकंच.

आणि मला ते आवडलं हो! दिवसभर बारीक सुरीने मेण कोरायचं, श्वास रोखून. आणि संध्याकाळी इथे... धडाधड! छताला टांगलेल्या बॅगवर ठोसा बसला की डोक्यातला सगळा कचरा खाली पडायचा.

फक्त मुठी दुखायला लागल्या. बोटांच्या मुळाशी जे उंचवटे असतात ना, ते आधी लाल झाले, मग करंगळीकडचे टम्म सुजले.

"दाखवा," शिडी म्हणाला.

मी हात पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांत घेतला आणि एकेक हाड हलकेच दाबत गेला. माणूस एवढा आडदांड, पण बोटं अशी की जणू साय उचलतोय.

"इथे?"

"हं."

"इथे?"

"तिथे नाही. पण... बघा की अजून एकदा."

त्याने वर बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

आधी त्याने माझे ग्लोव्ह्ज तपासले. क्लबाच्या पेटीतलेच जुने होते. अंगठ्याने गादी दाबली तर दबली ती दबलीच, वर आलीच नाही. "हे मेलेत," म्हणून त्याने ते कोपऱ्यात फेकले आणि मला नवे घ्यायला लावले, हाताला घट्ट बसणारे. मग ग्लोव्ह्जच्या आत बांधायची पट्टी. मी मूठ आवळून पट्टी गुंडाळत होते. तो म्हणाला, "बोटं पसरा. अगदी पंजा. आता उंचवट्यांवर पट्टीची घडी घालायची, जाड. मग बोटांमधून, मग मनगट. आता मूठ वळा. आवळतंय?"

"नाही."

"बोटं बधिर?"

"बोटं नाही."

"मग काय?"

"काही नाही. बांधा तुम्ही."

मग ठोसा. करंगळीच्या बाजूने नाही, पहिल्या दोन बोटांच्या हाडांवर मारायचं. मनगट हाताच्या रेषेत, वाकता कामा नये. आणि सुरुवातीला जोर नको, नेम हवा. "बॅगवर राग काढू नका," तो म्हणायचा. "तिने तुमचं काय केलंय?"

"तुमचं काय केलंय हो, तुम्ही तिला रोज मारता ते?"

"मी तिच्याशी बोलतो."

"माणसांशी कधी बोलता?"

"...प्रयत्न चालू आहे."

सूज थोडी उतरली, पण गेली नाही. आणि एका गुरुवारी व्हायचं तेच झालं. आदल्या आठवड्यात मेणाची दाढ कोरताना बोट आखडून सुरी घसरली होती, आणि त्या मेणावरून घडवलेली दाढ दंतवैद्याने परत पाठवली. सोबत निरोप: ही दाढ माणसाची आहे का?

आत्याने माझा हात धरून दिव्याखाली नेला. एकेक बोट उलटसुलट करून बघितलं, पण ओरडली नाही. ती ओरडली नाही की समजायचं, ओरडण्याच्या पलीकडचं काहीतरी आहे.

"हे हात म्हणजे माझी लॅब आहे, बाई," ती शेवटी म्हणाली. "माझे आता थरथरतात. तुझ्या भरवशावर मी चालवतेय. शनिवारी मी स्वतः येते तुझ्या त्या आखाड्यात. सूज तशीच दिसली, तर ते हातमोजे त्याच दिवशी बंद. कळलं?"

कळलं. तिचं काही चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं. ठोसे सुटले असते तर मी चार दिवस हळहळून विसरले असते. पण ठोसे सुटले की संध्याकाळ सुटणार, आणि संध्याकाळ सुटली की तो. मग पुन्हा त्याचं दातांचं कवच तुटेपर्यंत वाट बघायची! आणि कवच तर मी फारच भक्कम करून दिलं होतं.

त्या संध्याकाळी मी त्याला आत्याचा हुकूम सांगितला. त्याचा चेहरा पडला. एवढ्या उंचीवरून पडलेला चेहरा चांगला दिसतो.

"मग आज बॅग नाही," तो म्हणाला. "गार पाण्यात हात ठेवा आणि नुसती पावलं टाका."

"दुखणं कुठून येतंय ते कळल्याशिवाय? विश्रांतीनंतर पुन्हा तेच."

"ग्लोव्ह्ज बरोबर. पट्टी बरोबर, मी स्वतः बांधतो. मनगट सरळ. मग दुखतं कसं?" तो माझ्याभोवती फेऱ्या मारत होता. मग थांबला आणि नको ते बोलला. "घरी भिंतीवर वगैरे मारत नाही ना?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही..."

"तसंच! मला दिवसभर आत्या ऐकवते, आता तुम्ही पण!"

मी तावातावाने बॅगपाशी गेले. मारणार होते, पण हात दुखत होता, म्हणून नुसता अंगठा रोवला. मेण नीट आळलंय का हे बघायला रोवतो ना, तसा. आणि अंगठा आत जाईना. जरा वर दाबला, चवड्यांवर उभी राहून. तिथे मऊ. पुन्हा खाली, माझ्या खांद्याच्या उंचीवर. दगड.

"इकडे या," मी म्हणाले. "इथे दाबा. नाही, तुमच्या तिथे नाही. माझ्या इथे."

त्याने दाबलं. कपाळाला आठी पडली. मग तो ग्लोव्ह्ज घालून खाली बसला, दोन्ही गुडघे टेकून, आणि माझ्या उंचीवरून एक ठोसा लगावला.

"आई गं!"

अख्खा हॉल वळला.

"अरे, शिडी आडवी झाली!" कुणीतरी ओरडलं.

"दंतमंजनने पाडलं! उस्ताद, दहापर्यंत मोजा, मोजा!"

त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो हात झाडत बॅगकडे बघत होता. "वर्षानुवर्षं आम्ही सगळे वरच मारतोय. आतल्या चिंध्या खाली बसत गेल्या... खाली कुणी कधी मारलंच नाही. इतका काळ तुम्ही दगड फोडत होता, आणि मी तुम्हाला मनगट सरळ ठेवायला सांगत होतो!"

मग त्याने मान वळवली. तो गुडघ्यांवर आणि मी उभी, तेव्हा कुठे आमचे डोळे समोरासमोर आले. तपकिरी होते त्याचे. मला इतके दिवस काळे वाटत होते.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"उठा आता. लोक बघतायत."

"बघू देत. इथून चांगलं दिसतंय."

उस्तादांनी बॅग उतरवायला लावली. शिवण उसवली तर खाली चिंध्यांचा नुसता गोळा, ओल धरून घट्ट झालेला. सगळे जमिनीवर बसून तो सोडवायला लागले, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला सांगू लागला की त्याला हे आधीपासून ठाऊक होतं. कोरड्या चिंध्या बारीक करून, थोड्या थोड्या भरून बॅग पुन्हा शिवली. मग टांगायची वेळ आली तेव्हा शिडीने साखळीच्या दोन कड्या सैल सोडल्या.

"अरे, एवढ्या खाली?" एक दांडगा म्हणाला. "मग आम्ही वाकून मारायचं?"

"वाक की. तुझ्या कमरेला बरंच आहे ते."

मी शुक्रवारीही हात गार पाण्यात ठेवला आणि पावलं टाकली. शनिवारी हलके हलके ठोसे मारले, नव्याने भरलेल्या बॅगवर. दुखलं नाही. घाबरतच पुन्हा मारले. नाही दुखलं!

आत्या आली ती पदर खोचूनच. बाहेर पाऊस सुरू झाला होता. तिने छत्री उस्तादांच्या हातात दिली, जणू ते त्यासाठीच बसलेत, आणि माझी पट्टी सोडायला लावली. एकेक उंचवटा दाबून बघितला.

"मूठ वळ. उघड. पुन्हा." मग तिने माझी बोटं सोडली. "सूज उतरलीय. दाढ कोरता येईल?"

"सकाळीच कोरली. तुझ्या टेबलावर आहे."

"बघितली मी. माणसाची वाटते." तिने शिडीकडे नजर टाकली, खालून वर, बराच वेळ लागला. "ही पट्टी कोण बांधतं?"

"मी," तो म्हणाला.

"हं. बांधणारा नीट आहे," आत्या म्हणाली, मला म्हणाली की त्याला, कुणास ठाऊक, आणि उस्तादांना बॉक्सिंग कसं चालवायचं ते शिकवायला निघून गेली.

पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की जवळ आल्याशिवाय बोलणं ऐकू येईना. तो जवळ आला.

"हात बरा झाला," तो म्हणाला.

"हो."

"मग सोमवारपासून पट्टी स्वतः बांधा. इथे सगळे आपापलीच बांधतात."

पट्टीची गुंडाळी त्याने माझ्यासमोर धरली होती, पण सोडत मात्र नव्हता.

"मला येते बांधता," मी म्हणाले.

"शिकाल हळूहळू."

"शिकले मी केव्हाच. तुम्ही दाखवलंत त्याच आठवड्यात."

तो बघतच राहिला. "मग रोज हात पुढे का करत होता?"

"तुम्ही का बांधत होता? त्या दांडग्याची बांधता का कधी?"

"त्याची? नाही."

"का नाही?"

"त्याचा हात..." ठोशांना न घाबरणारा माणूस पट्टीच्या टोकाशी चाळा करत उभा. "त्याचा हात सोडवत नाही असं कधी झालं नाही. तुमचा... घरी गेलो तरी तो माझ्या हातात असल्यासारखं वाटतं. आणि नुसता हातच नाही. सगळंच. तुम्ही भांडता तेसुद्धा."

"एवढं सगळं साठवून ठेवलं होतंत?"

"कवच घालून ठेवलं होतंत ना माझ्या तोंडाला."

मी हसले. मग हसता हसता डोळे भरून आले, ते मी पावसावर ढकललं, पत्र्याखाली उभी असूनही.

"माझंही तसंच आहे," मी म्हणाले. "फक्त तू जरा लवकर बोलला असतास तर—"

"तर?"

"तर एवढे ठोसे मारावे लागले नसते. बोटं पसर. अगदी पंजा."

त्याने मोठा पंजा माझ्यापुढे केला. मी उंचवट्यांवर घडी घातली, बोटांमधून पट्टी नेली, मनगटाला वेढे दिले आणि त्याला मूठ वळायला सांगितलं.

"आवळतंय?"

"नाही," तो म्हणाला. "पण सोडू नकोस."

उस्तादांनी घंटा वाजवली. सगळे बॅगांकडे धावले. आम्ही दोघं मात्र तिथेच उभे होतो, आणि आत्या उस्तादांना सांगत होती की घंटा जरा उशिरा वाजवली असती तरी चाललं असतं.