शिंपिणीच्या पिल्लांचं खाणं

चार पिल्लं, त्यांच्यासाठी दिवसभर राबणारे आईबाप, खाली वाटीभर बाजरी, आणि तरी पिल्लं उपाशी मेली. कशी? हे कोडं मला कुणी घातलं नाही. ते मीच करून ठेवलं होतं.

आमच्या रोपवाटिकेत सागाच्या एका कोवळ्या झाडावर शिंपिणीने (पान शिवून घरटं करणाऱ्या शिंपी पक्ष्याच्या मादीने) घरटं केलं होतं. चोचीने पानाच्या कडांना भोकं पाडायची, त्यांतून कापूस नि कोळ्याचं जाळं ओवायचं, पानाचा द्रोण करायचा आणि आत अंडी घालायची. एवढीशी बाई, पण काम बघत राहावं असं. श्रावणात सागावर अळ्या पडल्या. त्या पानाचा हिरवा भाग खातात, मागे नुसती शिरांची जाळी उरते. घरट्याचं पानही त्या कुरतडायला लागल्या. पान फाटलं तर पिल्लं खाली पडतील, म्हणून माझा जीव खालीवर होत होता.

माझे आजोबा कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणारे). त्यांनी बनवलेला वेचक्या नावाचा यंत्रमानव विष न फवारता चिमट्याने अळ्या उचलून बरणीत भरतो. आजोबा परगावी गेले होते. मी वेचक्याला सांगितलं, एकही अळी ठेवू नकोस. पठ्ठ्याने दोन दिवसांत सगळी रोपवाटिका साफ केली. घरट्याखाली मी बाजरीची वाटी ठेवली. केवढी शहाणी मी!

कुंपणापलीकडे सगळी विष फवारलेली शेतं. शिंपी आणि शिंपीण रिकाम्या चोचीने परत येत राहिली. तिसऱ्या दिवशी पिल्लांचा आवाज थांबला.

आजोबा आले, घरट्यात डोकावले, मग त्यांनी बाजरीकडे पाहिलं. मला वाटलं, रागावतील. पण ते खाली बसले आणि नेहमीसारखे शिकवायलाच लागले, त्याचा मला जास्त संताप आला. शिंपी किडेखाऊ आहे, म्हणाले. त्याची टाचणीसारखी चोच दाणे फोडण्यासाठी नाही. पिल्लं दोन आठवड्यांत उडायला हवीत. एवढ्या वाढीला लागणारी प्रथिनं (शरीर बांधणारा अन्नातला भाग) अळीत असतात, आणि पिल्लांना हवं ते पाणीही. सागाचं पान अळी खाते, अळीला शिंपी खातो. या अन्नसाखळीतली (कोण कुणाला खातं, त्या ओळीतली) मधली कडी मी बरणीत भरली होती.

"पण मी त्यांना वाचवत होते," मी म्हणाले.

"माहीत आहे मला. वेचक्याला अळी ओळखायला मी शिकवलं. ती कुणाचं खाणं आहे, हे विचारायला शिकवलं नाही. अर्धी चूक माझी."

उरलेली अर्धी माझी होतीच. बरणीत काही अळ्या जिवंत होत्या, त्या मी सागावर सोडल्या. शिंपिणीने एक उचलली, घरट्याच्या तोंडाशी नेली आणि बराच वेळ थांबली. आतून एकही चोच उघडली नाही. मला रडू आवरलं नाही.

महिन्याभराने पलीकडच्या झाडावर एका पानाच्या कडेला ओळीने बारीक भोकं दिसली. शेजारच्या पानांची जाळी झाली होती. मी हात लावला नाही. वेचक्या सरकत आला आणि चिमटा उघडून थांबला. आता आजोबांनी त्याला शिकवलंय.

"हे कुणाचं खाणं आहे?" त्याने विचारलं.

"शिंपिणीच्या पिल्लांचं," मी म्हणाले.

त्याने चिमटा मिटला आणि तो पुढच्या वाफ्याकडे गेला. एवढं विचारायला आम्हाला चार पिल्लं लागली.