दुधाळ न झालेली निवळी

साताऱ्याच्या स्टँडवर मेढ्याची गाडी लागली तेव्हा माझ्या मांडीवर परीक्षानळ्यांचं खोकं होतं. शेजारी येऊन बसलेल्या माणसाच्या पिशवीचा कोपरा नेमका त्यातच घुसत होता.

"जरा सांभाळून. काचा आहेत."

"अजून आहेत? की हलवून बघायचं?"

मी फणकाऱ्यानं वळले... आणि फणकारा तिथंच राहिला. डोळे हसरे होते मेल्याचे!

शहात्तर सालचा फेब्रुवारी होता. मेढ्याच्या पलीकडं डोंगरातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवत होते. दुसऱ्या दिवशी दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती.

"परीक्षा आहे वाटतं?" त्यानं विचारलं.

"परीक्षा कसली! बाहेरच्या शाळेचे परीक्षक येणार, कोंबडं हाणणार, प्रयोगशाळेच्या दारातून डोकावणार आणि सगळ्या पोरांना वीसपैकी अठरा देऊन जाणार."

"आणि कोंबडं खात नसला तर?"

"तसला परीक्षक अजून जन्माला यायचाय!"

तो खिडकीबाहेर बघत बराच वेळ हसत होता. मला काय ठाऊक, का ते.

सकाळी हेडमास्तर लालासाहेब शेलार परीक्षकांना घेऊन प्रयोगशाळेत आले. "हे हिंदुराव पवार सर. तासगावकडचे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेडमास्तरांची पाठ वळताच तो हळूच म्हणाला, "बाई, मी जन्माला आलोय."

प्रयोग सोपा होता. चुन्याच्या निवळीत कर्बवायू सोडायचा; निवळी दुधाळ होते. पण माझी निवळी जुनी, बुचाविना राहिलेली. ती काही केल्या दुधाळ होईना. तरी सगळ्या पोरांनी पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं — निवळी दुधाळ झाली. एका बनूनं तेवढं 'झाली नाही' लिहिलं होतं, आणि ती कोपऱ्यात रडवेली होऊन उभी होती.

"का झाली नाही?" त्यांनी विचारलं.

"म्हाईत न्हाई सर. पर झाली न्हाई, येवढं खरं हाय."

बनूला अठरा. बाकी कुणी दहाच्या वर गेलं नाही. हेडमास्तरांचं तोंड एवढंसं झालं. कोंबड्याचा रस्सा चुलीवरच राहिला, आणि पवार सरांनी पिठलं-भाकरी मागून घेतली.

मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले.

"राग आला?"

"यायला हवा होता..."

"मग का नाही आला?"

"तुम्ही प्रत्येक वेळी 'का' विचारलंच पाहिजे का?"

"विचारल्याशिवाय कळणार कसं — कुणाला काय येतं ते?"

गाडी सुटली आणि मी वेड्यासारखी धुरळ्यात उभी. प्रेमात पडले, दुसरं काय! मला त्या हसऱ्या डोळ्यांचा मोह झाला, हे खरं; पण जीव जडला तो त्या 'का'वर.

मे महिन्यात सांगलीला विज्ञान शिक्षकांचं शिबिर होतं. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर भडंगाची पुडी आम्हा दोघांत एक. दाणे मी खायचे, मिरच्या ते.

"मालन, तुमच्या वडिलांना भेटायला येऊ?"

"का?" मी विचारलं. त्यांचंच शस्त्र त्यांच्यावर!

ते चक्क लाजले. "कारण... तुम्ही नसता तेव्हा मिरच्या उगाच तिखट लागतात."

"दहापैकी चार," मी म्हणाले. पण पुडी त्यांच्या हातात देताना माझी बोटं तिथंच राहिली.

वडिलांनी होकार दिला. पुढच्या उन्हाळ्यात लग्न करायचं ठरलं. ते वर्षभर मी पोरांना एकच गोष्ट शिकवली — दिसेल तेच लिहा, आणि मग का ते शोधा. दहावीतली राही तर माझ्या मागेच लागलेली असायची. "बाई, मोठं सर येतील तवा मला इचारतील न्हवं?"

"विचारतील. त्यांना विचारल्याशिवाय राहवतच नाही."

पुढच्या फेब्रुवारीत परीक्षक म्हणून पुन्हा तेच आले. खटपट करून नेमणूक मिळवली म्हणाले. मी मोहरून गेले. पण यंदा ते गाडीतून उतरले ते पाहुणे होऊन. हेडमास्तरांनी "आवं जावईबापू" म्हणत हार घातला. दुपारी कोंबड्याचा बेत झाला. ते पोटभर जेवले, हेडमास्तरांच्या ओसरीवर आडवे झाले. मी दोनदा बोलावणं धाडलं. "आलोच," असा निरोप दोन्ही वेळा आला.

प्रयोगशाळेत पोरं उभी होती. राहीची निवळी दुधाळ झाली नव्हती. तिनं स्वतःच शोधून काढलं होतं — बुचाचं भोक मोठं, वायू बाहेरच जात होता. तिनं तिथं मेण लावलं, पुन्हा प्रयोग केला, निवळी दुधाळ झाली, आणि ती दोन्ही नळ्या शेजारी मांडून दाराकडं बघत बसली.

ते आले ते गुणपत्रक भरूनच. सगळ्यांना वीसपैकी वीस.

राहीनं विचारलं, "बाई, मला किती?"

"वीस."

तिचा चेहरा उजळला. "आन् गुंडाला?"

"...वीस."

"पर बाई, त्यो तर तापानं घरी पडलाय. आलाच न्हाई की!"

तिनं आपल्या दोन नळ्यांकडं पाहिलं. मग दोन्ही मोरीत ओतल्या.

ते परत ओसरीवर गेले होते; मी त्यांना तिथं गाठलं. "चला, पोरांना विचारा. अजून वेळ आहे."

"अगं, तुझ्या शाळेचा निकाल चांगला लागावा म्हणून केलं. तुझ्यासाठी!"

"गुंडा आज आलेलाच नाही."

ते हसले. त्याच हसऱ्या डोळ्यांनी. "मग तर तोच हुशार! गेल्या वर्षीची गोष्ट वेगळी, मालन. आता मी इथला जावई. सासरच्या पोरांना कुणी नापास करतं का?"

गुणपत्रकावर मी सही केली नाही. माझ्या जागी हेडमास्तरांनी केली. "बाई, येवढं ताणू नका. चांगलं स्थळ हाय," ते म्हणाले. कागद गेले. राहीला वीस, गुंडाला वीस.

संध्याकाळी मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले, गेल्या वर्षीसारखीच. रस्ता तोच, धुरळाही तोच. ते लग्नाच्या पत्रिकांबद्दल बोलत होते. मी थांबले.

"पत्रिका छापू नका."

"थट्टा करतेस?"

"नाही. वडिलांना मी सांगेन."

त्यांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं — खोटं कशाला बोलू, त्यांचा हात धरावासा वाटला. वर्षभर त्याच हाताची वाट बघितली होती मी.

"मालन... का?"

दिवसभरात त्यांनी विचारलेला तो पहिला 'का' होता.

गाडी आली, ते चढले, आणि मी परत शाळेकडं वळले. मोरीत पोरांच्या नळ्या पडल्या होत्या, त्या धुवायच्या होत्या.