संध्याकाळी मुका होणारा फोन

"शेजारणीकडून बोलतेय. आमचा फोन पुन्हा मेलाय. माझा मुलगा फोन करणार आहे हो, आत्ताच्या आत्ता या!"

इंटरनेट कंपनीची तपासनीस बाई जिना चढून वर आली, तर म्हातारी दारातच उभी. सगळे तिला आक्का म्हणत. मुलगा भांडून घर सोडून गेला, त्याला कितीतरी वर्षं झाली होती. आता कुठे नातेवाइकाकडून निरोप आला होता, संध्याकाळी फोन करत जाईन म्हणून. त्याला ठाऊक होता तो घरचाच नंबर. आणि हा फोन मेला नेमका संध्याकाळीच मुका व्हायचा.

"तक्रार केली की तुमचा माणूस येतो. तो आला की फोन चालू! मीच खोटी पडते. म्हणून आज धाकट्या बहिणीलाही न सांगता बोलावलं तुम्हाला."

बाईने रिसीव्हर कानाला लावला. आवाज नाही.

इंटरनेटची पेटी धाकट्या बहिणीच्या खोलीत, टीव्हीखाली होती. धाकटी पलंगावर बसली होती, मोबाइल मांडीवर. बाईला बघून ती दचकलीच.

"संध्याकाळी घरात कोण असतं?"

"आम्ही दोघीच. तिसरं कोण मरायला येतंय इथे!"

"काल फोन बंद होता तेव्हा काय करत होता?"

"मालिका बघत होते. सासूने सुनेला घराबाहेर काढलं. रडून रडून डोळे सुजले माझे."

"मध्येच अडकली नाही?"

"छे! फोनची तार गेली, त्याचं टीव्हीला काय?"

बाई खाली वाकली. पेटीमागे बघितलं, कशालाही हात लावला नाही. मग स्वतःच्या मोबाइलवरून आक्काच्या घरचा नंबर फिरवला.

बाहेरचा फोन गप्पच. धाकटीच्या मांडीवरचा मोबाइल मात्र खणखणायला लागला.

"हे काय गं?" मागोमाग आलेली आक्का म्हणाली.

"आक्का, तुमच्या घरात काचेची एकच तार येते," बाई म्हणाली. "फोन, इंटरनेट, टीव्ही, सगळं तिच्यावरून. ती गेली तर तिन्ही जातात. काल मालिका चालली, म्हणजे तार ठणठणीत होती. पेटीमागची फोनची पिन हाताने उपटलीय. आमचा माणूस येणार म्हटलं की ती परत लागायची. आणि घरच्या नंबरवरचा फोन मोबाइलवर घ्यायचं ॲप आहे आमचं. ते यांच्याकडे आहे."

आक्का धाकटीकडे वळली. "म्हणजे तो फोन करत होता?"

"तो तुला घेऊन जाणार होता गं," धाकटी रडायला लागली. "मग मी काय या भिंतींशी बोलू?"

"काय सांगितलंस त्याला?"

"आधी म्हटलं, झोपलीय. मग म्हटलं, बाहेर गेलीय. काल..."

"काल काय? बोल की!"

"काल म्हटलं, आक्का गेली."

"अगं, पाठची बहीण तू माझी! केसाने गळा कापलास!"

आक्काने मोबाइल हिसकावून बाईच्या हातात दिला. "लावा त्याला!" बाईने काल आलेला नंबर स्पीकरवर लावला.

"मावशी, वाटेतच आहे मी," पलीकडचा आवाज रडून बसला होता. "मी येईपर्यंत आईला नेऊ देऊ नकोस."

"कुणी नेत नाही रे मला," आक्का म्हणाली. "तू ये."