चौकटीबाहेरचा चेंडू

ओझेला टॉलिव्हर गुडघ्यांवर बसून मैदानात चुन्याची रेघ ओढत होती. रेघ अशी काही सरळ आली होती की तिचं तिलाच कौतुक वाटत होतं. तेवढ्यात त्या रेघेवर एक बूट पडला. भलामोठा, लाल मातीने माखलेला.

"अहो! डोळे कुठे आहेत तुमचे?"

बूट थबकला. ओझेलाने मान वर केली... आणि बरीच वर करावी लागली. एवढा उंच माणूस शायलो बेंडमध्ये कोणी नव्हता. खांद्यावर बॅट, बॅटला अडकवलेला हातमोजा आणि चेहऱ्यावर अपराधी हसू.

"डोळे जागेवरच होते," तो म्हणाला. "फक्त... रेघेकडे नव्हते."

"मग कुठे होते?"

विचारल्याबरोबर ओझेलाला वाटलं, हे विचारायला नको होतं.

"ते सांगितलं तर तुम्ही ही बादली माझ्या डोक्यावर ओताल."

"न सांगताही ओतू शकते."

तो हसला, बॅट खाली ठेवली आणि तिच्याशेजारी गुडघे टेकून पुसलेली रेघ नीट करायला लागला. दोन वितींतच रेघ पावसाळी ओढ्यासारखी वळली.

"तुमच्या गावात सरळ रेघा नसतात वाटतं?"

"गुड होपमध्ये? असतात की. पण त्या ओढताना इतकं गोड रागावणारं कोणी नसतं."

गुड होप! ओझेलाने पटकन हात झटकले. आज एकोणीस जून. आणि एकोणीस जूनला दुपारी शायलो बेंड विरुद्ध गुड होप हा बेसबॉलचा सामना व्हायचाच, तिच्या जन्माच्या आधीपासून. म्हणजे हा शत्रुपक्षाचा माणूस.

"थर्मन प्रूइट," त्याने नाव सांगितलं. "लाकडाच्या गिरणीवर असतो. यंदा गुड होपकडून चेंडू टाकणारा पिचर मी. आणि तुम्ही डीकन टॉलिव्हरांची मुलगी ना? त्यांच्या मागे छत्री धरून उभी राहते ती?"

"हो," ती म्हणाली आणि उगाचच बादलीत काठी ढवळायला लागली. "ऊन फार असतं ना... म्हणून."

ऊन फार असतं हे खरंच होतं. पण छत्रीचं खरं कारण ते नव्हतं.

डीकन टॉलिव्हर, चर्चचे कारभारी, पंचवीस वर्षं या सामन्याचे पंच होते. त्यांच्या आधी दर वर्षी सामन्याचा शेवट मारामारीत व्हायचा. एकदा तर चाकू निघाले होते आणि पुढची तीन वर्षं दोन गावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. डीकनांनी तोंडावर पंचाची जाळी चढवली आणि सगळं शांत झालं. ते 'स्ट्राइक' म्हणाले की स्ट्राइक, 'बॉल' म्हणाले की बॉल. त्यांच्या शब्दापुढे दोन्ही गावं मुकाट. आणि दोन वर्षांपूर्वी त्याच डीकनांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. समोरचा माणूस त्यांना झाडासारखा दिसायचा. तीनशे पावलांवरचं चर्च दिसायचंच नाही.

"सांगून टाकू या, पपा," तेव्हा ओझेला म्हणाली होती.

"आणि पंच कोण होणार? आपला झाला तर ते चिडतील, त्यांचा झाला तर आपले. एवढं वर्ष निभाव, पोरी."

ते वर्ष निभावलं. मग पुढचंही. ओझेला एका हाताने छत्री धरायची, दुसरा हात पपांच्या पाठीशी. चेंडू जमिनीतल्या पांढऱ्या प्लेटवरून, फलंदाजाच्या गुडघ्यांपासून छातीपर्यंतच्या चौकटीतून आला, की ती पपांच्या पँटचा खांद्यावरून येणारा पट्टा, गॅलिस, एकदा हळूच ओढायची... स्ट्राइक. चौकटीबाहेर गेला, की दोनदा... बॉल. सगळा गाव म्हणायचा, काय गुणाची मुलगी!

दुपारपर्यंत मैदानाकडेच्या ओकच्या झाडांखाली पाय ठेवायला जागा उरली नाही. ह्यूस्टनला गेलेली, ओकलंडला गेलेली माणसं मुलाबाळांसह परत आली होती. खड्ड्यांत रात्रभर मंद भाजलेल्या मांसाचा धूर सगळ्यांच्या नव्या कपड्यांना लागला होता. बर्फाच्या टपात लाल सोड्याच्या बाटल्या, लाल कलिंगडं, हेट्टीकाकूंचा लाल केक. मग सगळे उभे राहिले. शाळेच्या मास्तरांनी तो जुना हुकूम वाचला, एकोणीस जूनला गॅल्वेस्टनमध्ये वाचून दाखवलेला, टेक्ससमधले सगळे गुलाम आता मोकळे आहेत हे सांगणारा. 'मोकळे' हा शब्द आला तसा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांना रुमाल लावले. त्यांतल्या कित्येकांच्या आयांना तो शब्द मोठेपणी ऐकायला मिळाला होता. ओझेलाला दर वर्षी इथेच हुंदका यायचा. यंदाही आला... आणि डोळे पुसताना दिसलं, पलीकडच्या घोळक्यात तो उंच माणूस टोपी छातीशी धरून उभा आहे आणि त्याचेही डोळे भरलेत.

तिने नजर वळवली. मग पुन्हा वळवली, त्याच्याकडेच.

सामना सुरू झाला आणि थर्मन प्रूइट काय चीज आहे ते सगळ्यांना कळलं. त्याचा हात मागे जायचा, लांबलचक पाय वर उठायचा आणि चेंडू असा यायचा, की शायलो बेंडचे फलंदाज हवेतच बॅट फिरवायचे. ओझेलाचा हात सतत गॅलिसवर. एकदा. एकदा. दोनदा. एकदा.

अर्ध्या खेळात विश्रांती झाली. ओझेला पिंपातून पपांसाठी पाणी घेत होती, तर मागे सावली पडली.

"एकदा ओढला की स्ट्राइक," तो हलक्या आवाजात म्हणाला. "दोनदा ओढला की बॉल. समोरून गॅलिस हलताना दिसतो. बरोबर?"

ओझेलाच्या हातातला डबा पिंपावर आपटला. अंगावर थंड पाणी सांडलं, तेही तिला कळलं नाही.

"तुम्ही... कोणाला सांगणार आहात?"

"एक जरी निकाल चुकला असता तर सांगितलं असतं. पण चुकला नाही ना! तिसऱ्या फलंदाजाला टाकलेला तो खालचा चेंडू... फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या माझ्या कॅचरलाही तो आत वाटला. बाहेर होता, हे फक्त मला कळलं होतं. आणि तुम्हाला."

"मग काय हवंय तुम्हाला?"

"सामना संपला की एक लाल सोडा. तुमच्याबरोबर."

"म्हणजे लाच!"

थर्मनचा चेहरा एकदम उतरला. "नाही, नाही... तसं नाही हो. हे मी सकाळीच विचारणार होतो. तुम्ही नाही म्हणालात तरी मी तोंड उघडणार नाही. शपथ."

एवढा मोठा पुरुष इतका गोंधळलेला तिने कधी पाहिला नव्हता. तिला हसू आलं, पण ते तिने डब्याआड लपवलं.

"आधी जिंका तर खरं," ती म्हणाली आणि पाणी घेऊन निघून गेली. चालताना मात्र पाठीवर त्याची नजर ऊन पडल्यासारखी जाणवत राहिली.

शेवटची पाळी आली तेव्हा बरोबरी होती. शायलो बेंडची माणसं तिन्ही बेसवर उभी, फलंदाजीला ओझेलाचा चुलतभाऊ डेल्मर. आणि आता फक्त एक चेंडू उरला होता. तो चौकटीतून गेला तर डेल्मर बाद, सामना लांबणार. बाहेर गेला तर डेल्मरला बेस फुकट मिळणार, पुढची माणसं एकेक घर सरकणार, तिसऱ्या बेसवरच्याची धाव पुरी होणार आणि शायलो बेंड जिंकणार.

ओकांखालचं जेवण, गाणं, गप्पा, सगळं थांबलं होतं. थर्मनने टोपी सारखी केली आणि क्षणभर डेल्मरकडे नाही, छत्रीकडे पाहिलं. ओझेलाने छत्रीचा दांडा घट्ट धरला. 'आत टाक,' ती मनात म्हणाली. 'देवा, त्याला आत टाकू दे.' आपण शत्रूसाठी देवाला साकडं घालतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

पाय वर उठला. हात फिरला. चेंडू सरळ येता येता वळला, सुंदर वळला... आणि जरासा जास्तच वळला. डेल्मरने बॅट हलवलीच नाही. कॅचरच्या हातमोज्यात चेंडू थाडकन बसला. प्लेटच्या कडेपासून बोटभर बाहेरून गेला होता. फक्त बोटभर.

तिचा हात थांबला. एकदा ओढला असता तर कोणाला कळणार होतं? तो हरला नसता. पण त्याला कळलं असतं... आणि तिला.

तिने गॅलिस दोनदा ओढला.

"बॉल!" डीकन गरजले.

शायलो बेंडची माणसं नाचत मैदानात घुसली. गुड होपचा कॅचर मात्र हातमोजा आपटून ओरडला, "आत होता! डीकन, तुम्हाला दिसला तरी का?"

नाच थांबला. गुड होपची पोरं पुढे सरकली, इकडूनही बाह्या सरसावल्या गेल्या. आणि मधोमध पपा, जाळीआड अंधूक डोळे बारीक करून उभे.

ओझेलाने छत्री मिटली.

"त्यांना नाही दिसला," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "मला दिसला. दोन वर्षं निकाल मीच देतेय. पपांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चेंडू बाहेर होता."

असा गलका उठला! "पोरीने निकाल दिला?" "तिच्या गावासाठी देणारच!" "सामना रद्द करा!"

"बाहेरच होता." थर्मन मैदानाच्या मधून चालत आला आणि तिच्याशेजारी उभा राहिला. "टाकला मी. बोटांतून सुटला तेव्हाच मला कळलं."

"तू कोणाकडून खेळतोस रे?" कॅचर भडकला.

"तुमच्याकडूनच. म्हणून तर हरलो ना!"

डीकनांनी हळूहळू जाळी काढली. केस घामाने चिकटले होते.

"पोरांनो," ते म्हणाले, "आपल्या माणसांना मोकळीक मिळाली होती आणि तरी अडीच वर्षं ती शेतात राबत राहिली. का? बातमी कोणीतरी दाबून ठेवली. त्या दिवसाच्याच सणाला मी माझी बातमी दोन वर्षं दाबून ठेवली. माझ्या पोरीला ओझं वाहायला लावलं. पंचाने असं करू नये. बापाने तर नाहीच." त्यांनी चाचपडत ओझेलाचा हात शोधला आणि जाळी त्यात ठेवली. "पण दोन वर्षांत तिचा एक निकाल चुकला असेल, तर सांगा. मी ऐकतोय."

गुड होपचे सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग ओकाखालून हेट्टीकाकूंचा खणखणीत आवाज आला. काकू माहेरच्या गुड होपच्या, सासरच्या शायलो बेंडच्या, त्यामुळे दोन्हीकडे ओरडायचा त्यांना हक्क होता. "कोणी बोलत नाही ना? मग पंच ठरला! आणि केक वितळतोय माझा, मेल्यांनो, या खायला!"

आधी कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. कॅचर सोडून.

त्याचा राग मात्र खराच होता. ऊन कलल्यावर गुड होपचा ट्रक निघाला, आणि थर्मनला न घेताच निघाला. तो धुळीकडे बघत उभा होता, तेव्हा ओझेला दोन लाल बाटल्या घेऊन आली.

"हरलेल्याला देत नसते मी," ती म्हणाली. "पण नऊ मैल चालायचंय तुम्हाला. दया आली."

"फक्त दया?"

"प्या मुकाट्याने."

शेवटी डीकनांनीच फर्मान काढलं, की माणसाला घरी पोहोचवलं पाहिजे. जुन्या पिकअपमध्ये ओझेला गाडी चालवायला बसली, थर्मन दुसऱ्या टोकाला, आणि डीकन जाणूनबुजून मधोमध.

"मला दिसत नाही," गाडी निघताच ते म्हणाले, "पण ऐकू छान येतं. तेवढं लक्षात ठेवा दोघांनी."

अर्ध्या वाटेवर सर आली. टपावर थेंब ताडताड वाजायला लागले, ओल्या पाइनचा वास आत शिरला आणि डीकन घोरायला लागले. खरं की खोटं, कोण जाणे.

"ओझेला," थर्मनने हलकेच हाक मारली. पहिल्यांदाच, नावाने. "तुम्ही... त्या चेंडूला आत म्हणू शकला असतात."

"हो."

"मग का नाही म्हणालात?"

तिने रस्त्यावरून नजर हलवली नाही. काचेवरचं पाणी वाहत होतं, गाल तापले होते. "तुझ्याशी खोटं बोलून सुरुवात करायची नव्हती मला," ती म्हणाली. 'तू' कधी आला ते तिलाच कळलं नाही. "तू आवडलास मला, थर्मन. सकाळीच आवडलास. रेघ वाकडी केलीस ना, तेव्हा."

थर्मनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी नऊ मैल रोज चालेन," तो म्हणाला.

"रोज कशाला? रविवारी ये. चर्चनंतर जेवायला."

"आणि आंघोळ करून ये," डीकन डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले.

पुढच्या एप्रिलमध्ये त्यांचं लग्न झालं. लग्नात गुड होपचा तो कॅचर सगळ्यांत उशिरापर्यंत नाचला. आणि जून उजाडला तेव्हा प्लेटमागे जाळी चढवून ओझेला उभी होती. डीकन ओकाखाली खुर्ची टाकून, शेजारच्याला 'आता काय झालं?' असं विचारून भंडावून सोडत होते. थर्मनने पहिलाच चेंडू टाकला, सप्पकन.

"बॉल!"

"अगं!" तो तिथूनच ओरडला. "आत होता! नवरा आहे मी तुझा!"

दोन्ही गावं खिदळायला लागली. ओझेलाने जाळी वर सारली. हसू आवरत नव्हतं, पण बोट मात्र चेंडू गेला तिथेच, बाहेर रोखलेलं होतं.

"म्हणून तर नीट बघितला," ती म्हणाली. "टाक पुढचा."