छातीशी धरलेला कॅमेरा

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या उजव्या हातात हातोडी होती आणि डावा हात शर्टाच्या आत खुपसलेला. वरून नखशिखान्त भिजलेला.

बाहेर पावसाने नुसता धुडगूस घातला होता. काउंटरवर ती एकटीच, आत्या आत चहा टाकायला गेलेली. भर दुपारी हातोडी घेऊन आलेल्या माणसाला ‘या, बसा’ म्हणायचं की आरडाओरडा करायचा, हे काही तिला सुचेना. तिने आधी समोरची लेन्स उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि मग विचारलं, “काय हवंय?”

“हेअर ड्रायर आहे?”

“हा फोटो स्टुडिओ आहे.”

“म्हणून तर विचारतोय. फोटोआधी लोक केस नीट करतात ना?” त्याने शर्टातला हात हळूच बाहेर काढला. मुठीत एक पांढरं पीस होतं... भिजून पार काडी झालेलं. “याचे केस वाळवायचेत.”

तिला हसू आवरेना. तिने ड्रायर लावला, पीस फुलत गेलं, आणि एकदम उडालंच! दोघं पकडायला धावली. पीस गिरक्या घेत तिच्या केसांत जाऊन बसलं.

“हलू नका,” तो म्हणाला आणि दोन बोटांनी, श्वास रोखून, ते काढून घेतलं. त्याच्या मनगटावरून पावसाचं पाणी तिच्या कानावर ठिबकलं. गार होतं, तरी तिचा कान तापला.

“आणि... हातोडी कशाला?”

“शाळेत प्रयोग आहे. हातोडी आणि पीस एकदम सोडायचं. चंद्रावर सोडलं होतं एकाने, दोन्ही एकदमच खाली पडली.”

“चंद्रावर!” ती फस्सकन हसली. “अहो, ते सगळं गोडाऊनमध्ये शूट केलंय. स्लो मोशन आहे ते. मी दिवसभर दुसरं काय करते?”

दुसरा कुणी असता तर ‘तुम्हाला काय कळतंय’ म्हणून मोकळा झाला असता. यानं मात्र स्टूल पुढे ओढलं, हातोडी मांडीवर ठेवली आणि म्हणाला, “सांगा. पहिल्यापासून सांगा.”

तिथेच सगळा घोटाळा झाला. तिचं म्हणणं असं पहिल्यापासून ऐकून घेणारा माणूस तिला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता.

तिचं काम म्हणजे लग्नांच्या फिल्म जोडणं. शूट तीच करायची आणि दुकानामागच्या खोलीत बसून कापाकापीही तीच. कामाला चोख. पासपोर्ट फोटोत गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर ट्यूबलाइटची एवढीशी चकाकी आली तरी ती पुन्हा बसवायची. लोक वैतागायचे, पण हिच्या नजरेतून काच सुटायची नाही म्हणजे नाही. आणि एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. गती निम्मी केली आणि मागे व्हायोलिन सोडलं की जांभई देणारा नवरासुद्धा प्रेमात आकंठ बुडालेला दिसतो.

हे शहाणपण तिला फुकट मिळालेलं नव्हतं. स्वतःच्या साखरपुड्याची फिल्म तिनं स्वतःच जोडली होती. त्यातलं होणाऱ्या नवऱ्याचं बघणं तिनं निम्म्या गतीनं लावलं, पुन्हा पुन्हा पाहिलं आणि त्याच बघण्यावर जीव टाकला. लग्नाला थोडे दिवस उरले आणि तो मुलगा दुसऱ्याच कुणाशी लग्न करून मोकळा झाला. नंतर तिनं मूळ गतीचं चित्रण लावून पाहिलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता, तिच्यामागच्या पंख्याकडे बघत होता. उकडत होतं बहुतेक.

तेव्हापासून पडद्यावरच्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही, असा तिनं कानाला खडा लावला होता. चंद्र त्यात आपोआपच आला.

दोनच दिवसांत मास्तर पुन्हा हजर. हो, मास्तरच. कोपऱ्यावरच्या शाळेत तो भौतिकशास्त्र शिकवायचा आणि आत्याने पहिल्याच दिवशी त्याचं तेच नाव पाडलं. शाळेच्या प्रदर्शनासाठी ‘माणूस खरंच चंद्रावर गेला का?’ अशी छोटी फिल्म करायची होती.

“मला तुम्हीच हव्यात,” तो म्हणाला. आणि मग घाईघाईनं, “म्हणजे... कॅमेऱ्यामागून शंका विचारायला.”

“आणि शेवटी मी ‘पटलं हो मास्तर’ म्हणायचं?”

“पटलं तर. नाही पटलं तर तसं सांगायचं. खोटं नाही बोलायचं, एवढीच अट.”

“मग पोरं म्हणतील, मास्तर हरले.”

“हरेन की!”

हे ‘हरेन की’ त्याने इतक्या आनंदाने म्हटलं की तिनं होकार देऊन टाकला.

मग काय, शाळा सुटली की स्वारी दुकानात. मागची खोली केवढी, तर दोन खुर्च्या ठेवल्या की दार उघडायचं नाही. पत्र्यावर पाऊस वाजतोय, पडद्यावर चंद्रावरची दोन पांढरी गबाळी माणसं उड्या मारतायत आणि ही दोघं हमरीतुमरीवर आलेली.

“झेंडा बघा, हलतोय! वारा आला कुठून?”

“काठी कोण पिरगाळतंय? हात सोडल्यावर बघा... अजून हलतोय, अजून हलतोय. इथे हवेनं केव्हाच थांबवला असता. वारा नाही म्हणून तर थांबत नाहीये.”

“हं. पण गती दुप्पट केली की ही माणसं आपल्यासारखीच धावतात.”

“दुप्पट पुरत नाही. पडणं आपल्यासारखं दिसायला जवळजवळ अडीचपट लागेल. करून बघा ना, मशीन तुमचंच आहे.”

तिनं केलं. पाय ठीक दिसले, पण हात? हात असे लटपटायला लागले की जणू माणसाला मुंग्या चावल्यात. हात ठीक करावेत तर उड्या तरंगायच्या, उड्या ठीक कराव्यात तर हात नाचायचे. तिनं बरीच खटपट केली. तो गालावर हात टेकून बघत होता. पडद्याकडे नव्हे.

“पडद्याकडे बघा,” ती म्हणाली.

“बघतोय की.”

“खोटं नाही बोलायचं ठरलंय.”

तो लाजला. चांगला घोडा झालेला माणूस, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्याला शूट करताना तर हा ताप रोजचाच होता. “लेन्समध्ये बघा, मास्तर! माझ्याकडे काय बघताय?” असं ओरडून तिचा घसा बसायची वेळ आली होती.

चंद्रावरच्या गाडीचं चित्रण मात्र तिनं स्वतःहून काढलं. चाकांमागून धूळ उडत होती. तिनं ते पुन्हा एकदा लावलं. मग उठली आणि एका नवरदेवाचं जुनं शूट शोधून काढलं. कच्च्या रस्त्यावर मोटरसायकल, निम्म्याहून कमी गती, मागे धुळीचा लोट. लोट फुगला, तरंगला, नवरदेवाच्या पाठीमागे ढगासारखा लटकत राहिला. तिनं दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. चंद्रावरची धूळ वर जात होती आणि दगड फेकावा तशी नीट कमान करून खाली येत होती. ना ढग, ना धुरळा.

“स्लो मोशन केलं तरी हवा जाणार कुठे...” ती स्वतःशीच पुटपुटली. “मी गती कमी करू शकते. हवा नाही काढू शकत.”

मास्तर खुर्चीतून उठलाच. “हे मी वर्गात सांगतो, पण असं शेजारी शेजारी लावून कधी दाखवलं नव्हतं! काय डोकं आहे हो तुमचं!”

“इतक्यात हुरळून जाऊ नका,” ती म्हणाली, पण तिला झालेला आनंद काही लपला नाही. “मला अजून पटलेलं नाही. हा फोटो बघा. याच्या हेल्मेटच्या काचेत फोटो काढणारा दिसतोय. दिसतोय ना? मग त्याच्या डोळ्याला कॅमेरा कुठाय? हात तर खाली आहेत. फोटो काढला कुणी?”

“कॅमेरा छातीवर बसवलाय. हेल्मेट घालून डोळ्याला लावणार कसा?”

“न बघता फोटो काढायचा?”

“बघत होताच की. कॅमेऱ्यातून नाही, डोळ्यांनी. समोर चंद्र असताना कॅमेऱ्यात कोण डोकं घालेल?”

तिनं नाक मुरडलं. “छे! कॅमेरा हातात असला की फोटोग्राफर कॅमेऱ्यातच बघतो. हे मला नका शिकवू.”

शेवटचं शूट शाळेच्या प्रयोगशाळेत होतं. कमरेएवढी उंच, जाड काचेची नळी. आत एक लोखंडी नट आणि तेच पांढरं पीस. पंपाने नळीतली हवा काढायची, नळी उलटी करायची आणि दोन्ही एकदम खाली पडताना टिपायची. पीस उठून दिसावं म्हणून तिनं मागे काळं कापड लावलं. खिडकीतून मऊ उजेड येत होता. पंप थांबला, मास्तरने नळी फिरवली... नट आणि पीस हातात हात घालून खाली उतरावेत तसे एकदम तळाशी आले.

“पडलं!” तो लहान मुलासारखा ओरडला. वर्षानुवर्षं हाच प्रयोग करणारा माणूस, आणि आनंद बघावा तर आजच पहिल्यांदा पाहिल्यासारखा.

आवराआवर करताना तो अचानक थांबला. हातात काळ्या कापडाचं एक टोक, दुसरं तिच्या हातात.

“एक सांगू? मला तुम्ही... म्हणजे फिल्म संपली तरी मला रोज दुकानात यायचंय. तुम्ही मला आवडता. फार आवडता.”

पाऊस नेमका तेव्हाच थांबलेला. तिला वाटलं, आपल्या छातीतली धडधड त्याला ऐकू जाईल.

आणि मग तिला तो पंखा आठवला.

“कॅमेऱ्यासमोर माणूस असतो तसा नसतो, मास्तर.”

“असेल. पण मी माझं सांगितलं. तुमच्या मनात काय आहे?”

“माझ्या मनात काहीच नाही,” ती कापडाची घडी घालत म्हणाली. “मी माझं काम करत होते.”

त्याने आपल्या हातातलं टोक तिला दिलं. “बरं. पुन्हा नाही विचारणार,” तो म्हणाला. रागाने नाही हो... रागाने म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

आणि तो खरोखरच यायचा बंद झाला. काही हवं असलं तर शाळेचा शिपाई चिठ्ठी आणायचा. संध्याकाळी दुकानाचं दार वाजलं की तिची नजर वर व्हायची आणि पासपोर्ट फोटोला आलेल्या कुणावर तरी येऊन पडायची.

“मास्तरला काय धाड भरली गं?” आत्याने विचारलं.

“काम संपलं असेल.”

“कुणाचं?” आत्या म्हणाली आणि चहाचा कप आपटून निघून गेली. आत्याचं आपटणं म्हणजे अर्धं भाषण असतं.

फिल्मचा शेवट तेवढा राहिला होता. पटलं की नाही, हे तिला सांगायचं होतं. दुपारी तिनं नळीचं चित्रण उघडलं, नट आणि पीस तळाशी येऊन थांबलं त्या चौकटीवर आली आणि तिच्या तोंडून “अरे देवा!” निघालं. काचेवर चकाकी होती. चष्म्यावरच्या चकाकीसाठी गिऱ्हाइकांचा जीव खाणारी ही बाई, काचेमागे काळं कापड लावून मोकळी झाली होती. काचेमागे काळं लावलं की आरसा होतो, हे तर तिनं झोपेत सांगितलं असतं!

अख्खा शॉट वाया. कपाळाला हात लावून तिनं चित्र मोठं केलं, चकाकी किती आहे ते बघायला.

चकाकी नव्हतीच ती. काचेच्या गोलाईने बारीक झालेली, खिडकीच्या उजेडात उभी असलेली ती स्वतः होती. कॅमेरा छातीशी धरलेला. डोळे कॅमेऱ्यात नव्हते. नट आणि पीस पडलं होतं तिकडेही नव्हते. ते नळीच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडे होते आणि चेहऱ्यावर... तिनं स्वतःचा असा चेहरा कधी पाहिलाच नव्हता.

‘स्लो मोशनमुळे,’ ती स्वतःला म्हणाली. शॉट कमी गतीचाच होता. तिनं मूळ गती केली. तेच बघणं. दुप्पट केली. नट आणि पीस टपकन पडलं, तरी बाईंचे डोळे जागचे हलले नाहीत. आवाज बंद केला, रंग काढून टाकले. सगळी कलाकुसर उतरवून झाली आणि खाली ते बघणं तसंच्या तसं शिल्लक राहिलं. तिथे पंखा नव्हता. तिथे मास्तरच होता.

तिनं फोन लावला. “शॉट खराब झालाय. या.”

तो आला. पुन्हा भिजून, धापा टाकत, आणि हातात हातोडी! “पुन्हा शूट करायचं असेल म्हणून आणली,” तो दारातूनच म्हणाला. आत यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं. त्याला तसं अवघडून उभं पाहून तिला भरून आलं.

“बसा. तुम्ही सांगा, यात खोट काय आहे.”

त्याने वाकून पाहिलं. “काच... काचेत तुम्ही दिसताय.”

“आणखी?”

“कॅमेरा...” तो थबकला. हातोडी हळूच खाली ठेवली. “कॅमेरा छातीशी आहे.”

“हो.”

“डोळ्याला नाही.”

“समोर...” तिनं काचेतल्या स्वतःवर बोट ठेवलं, “समोर चंद्र असताना कॅमेऱ्यात कोण डोकं घालेल?”

त्याने पडद्यावरची नजर तिच्याकडे वळवली. खोली एवढीशी, दोन खुर्च्या, दार उघडायची सोयच नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि कुणीही त्यामागे व्हायोलिन सोडलेलं नव्हतं.

“मी त्या दिवशी खोटं बोलले,” ती म्हणाली. “आपली अट मोडली. मला भीती वाटली होती. पण मी गती तपासली, कमी करून, वाढवून, सगळी. तू... तू मला आवडतोस. पुरावा आहे माझ्याकडे.”

‘तू’ ऐकून त्याचे कान पुन्हा लाल झाले. “मग शॉट पुन्हा घ्यायचा?” त्याने तिचा हात हातात घेत विचारलं.

“अजिबात नाही. हाच राहील.”

“आणि फिल्मचा शेवट? पटलं का तुला?”

“सांगते. पण आधी एकदा नीट बघ माझ्याकडे,” ती म्हणाली, “आज लेन्समध्ये बघायची गरज नाही.”