चाळिशीचं दृश्य

मिरजेच्या त्या नेत्र रुग्णालयात लेझर शस्त्रक्रियेआधी रुग्णाला आता माहितीपत्रक देत नसत. त्याच्या डोळ्यांवर पूर्वदर्शक चढवत. पोहण्याच्या चष्म्यासारखं दिसणारं हे यंत्र डोळ्यांची मोजमापं आणि रक्ताचा अहवाल ताडून पुढे कसं दिसेल ते आधीच दाखवायचं.

पद्मजा चौगुले खुर्चीत बसली. ती कबड्डी खेळायची, आणि जाड चष्म्यामुळेच राज्याच्या संघाबाहेर राहिली होती. समोर स्टुलावर धाकटी बहीण शर्वरी. तिचाही चष्मा तेवढाच जाड, आणि तिचीही तपासणी झालेली.

"हा पहिला आठवडा," डॉ. तांबवेकर म्हणाल्या. दिव्यांभोवती धूसर कडी उमटली. "डोळे कोरडे पडतील, चुरचुरतील. थेंब चुकवायचे नाहीत. आणि हे तीन महिन्यांनंतरचं."

पद्मजा हसलीच. "शरू, दातात पालक अडकलाय तुझ्या!"

"आता चाळिशीही बघून घे. लेझरने नंबर जातो, पण वाचायचा चष्मा पुढे लागतोच. नंतर माझ्याशी भांडू नकोस." डॉक्टरांनी चकती फिरवली.

"डॉक्टर, यंत्र बिघडलं वाटतं. शरूचे कान दिसतायत, वेणी दिसतेय. चेहराच नाहीये."

डॉक्टरांनी मोजमापं पुन्हा घेतली. पुन्हा तेच. त्या खुर्ची ओढून पद्मजाजवळ बसल्या.

"यंत्र ठीक आहे, बाळ. लेझर डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला आकार देतो. हा दोष मागच्या पडद्यात आहे, रक्तातून आलेला. शस्त्रक्रियेनंतर तू खेळशील. पण चाळिशीच्या सुमारास नजरेचा मधला भाग विझत जाईल. त्यावर अजून इलाज नाही. घरात कुणाला होतं असं?"

पद्मजाने यंत्र काढून मांडीवर ठेवलं. "आमचे वडील, अप्पा, बेचाळिसाव्या वर्षी गेले. भर दुपारी, सरळ रस्त्यावर. समोर उभ्या उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल घातली. सगळं गाव म्हणालं, प्यायला असणार. आईनंही तेच मानलं."

"शेवटी शेवटी अप्पा माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायचे," शर्वरी हळूच म्हणाली. "मला वाटायचं, रागावलेत."

पद्मजाने डोळे पुसले.

"शस्त्रक्रिया करायची, डॉक्टर. जेवढी वर्षं मिळतील तेवढी खेळेन."

"मलाही असेल का हे?" शर्वरीने विचारलं.

"असेल किंवा नसेल, दोन्ही शक्यता सारख्याच," डॉक्टर म्हणाल्या. "तुझाही अहवाल यंत्रात भरलाय. बघायचं की नाही, ते तुझं तू ठरव."

शर्वरीने बहिणीच्या मांडीवरून पूर्वदर्शक उचलला. डोळ्यांपर्यंत नेला आणि तिथेच थांबली.

"ताई, खरं सांग. तू हे बघितलं नसतंस, तर बरं झालं असतं का?"