पावणेतीनची ओ

ही घटना खरी आहे. माझ्या मावसभावाच्या, दादाच्या बाबतीत घडलेली. त्याने ती मला एकदाच सांगितली. पुन्हा विचारलं तेव्हा त्याने विषय बदलला.

रात्रीची गोष्ट ऐकायला बसला असाल तर आधीच सांगतो, हे सगळं भर दुपारी घडलं. बुधवार होता. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. वेळ पावणेतीन.

दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. केसाएवढा फरक त्याच्या बोटांना कळतो. काहीबाही रचून सांगणाऱ्यातला तो नाही. विनोद ऐकला तरी अर्ध्या तासाने हसतो.

त्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. खराब तुकडा काढला आणि आतलं सगळं भरून येईपर्यंत शौचासाठी पोटावर पिशवी लावली. मग टाके पिकले. ते निस्तरेपर्यंत सांधे धरले. आधी गुडघे, मग घोटे, मग मनगटं.

डॉक्टर म्हणाले, "आतड्याच्या आजारात काहींना होतं असं. सांध्यांना घाबरू नका. पण पोटात कळा आल्या आणि पिशवी रिकामीच राहिली, तर एक मिनिट थांबू नका. आतडं अडकलेलं असू शकतं."

वहिनी नोकरी करते. सकाळी पिशवी बदलून, पाणी, गोळ्या, फोन हाताशी ठेवून जायची, ती सहाला परत यायची. मधे दादा एकटा.

त्या बुधवारी कुशीवर वळताना गुडघ्यातून अशी कळ गेली, की तोंडातून आपसूक निघालं, "आई गं..."

आणि स्वयंपाकघरातून...

"ओ."

आवाज मावशीचा होता.

मावशी, म्हणजे दादाची आई, हयात आहे. एकटी राहते, बसने पाच तासांवर.

दादाला वाटलं, गोळ्यांची गुंगी असेल. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मग पावलं आली...

पायथ्याशी गादी दबली...

आणि गुडघ्यावर हात.

हात गार होता. त्याने दोनदा दाबलं आणि दुखणं गेलं. साफ गेलं.

खरं सांगायचं तर दादाला बरं वाटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला गाढ झोप लागली.

गुरुवारी घोटा ठणकला. "आई गं..." लगेच ओ आली, हातही आला.

शुक्रवारी तर त्याने मुद्दाम हाक मारली. हे सांगताना दादा माझ्याकडे बघत नव्हता.

हात मनगटावर आला. दादाच्या बोटांनी, कारागिराच्या सवयीने, ती बोटं चाचपली.

एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही अख्खी.

मावशीची उजवी करंगळी दारात सापडून अर्धी राहिली आहे. दादा तीन वर्षांचा होता तेव्हापासून.

त्याची मान वळवायची हिंमत झाली नाही. गादी हलकी झाली, तेव्हाच त्याने डोळे उघडले. खोलीत कोणी नव्हतं. त्याने मावशीला फोन लावला.

"बरं झालं केलास," मावशी म्हणाली. "काय झालंय कळतच नाही बघ. बुधवारपासून गुडघा धरलाय. काल घोटा. आणि आत्ता भाजी चिरताना मनगटातून अशी कळ गेली, की सुरीच पडली हातातून. वय झालं रे आता. तू कसा आहेस?"

"बरा आहे," दादा म्हणाला. फोन ठेवेपर्यंत त्याने रडू दाबून धरलं.

शनिवार-रविवार वहिनी घरी होती. दादाने तोंड मिटून सगळं सोसलं.

सोमवारी सकाळपासून पिशवी रिकामी होती. वहिनीला वाटलं, खाणंच कमी झालंय. ती कामाला गेली. दुपारी कळा सुरू झाल्या. अडीचपर्यंत पोट पिळून निघायला लागलं.

दादाने वहिनीला फोन केला. "गाडी घेऊन ये. लवकर."

आता फक्त ती येईपर्यंत गप्प राहायचं होतं. हाक मारली तर दुखणं जाईल, हे त्याला माहीत होतं. ते कुठे जाईल, हेही माहीत होतं. मावशीला सत्तरावं लागलं होतं, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं.

त्याने टॉवेलचा बोळा तोंडात कोंबला.

स्वयंपाकघर शांत होतं. मग...

"दुखतंय का रे?"

दादा टॉवेल चावत राहिला.

पावलं आली. गादी दबली. गार हात पोटावर, पिशवीच्या शेजारी, नुसता टेकला.

"हाक मार की... एकदाच."

लहानपणी ताप आला की मावशी काढायची, तसाच लाडाचा आवाज.

"मार ना रे. हाकेशिवाय मला नाही करता येत."

चाळीस मिनिटं हे चाललं होतं. वहिनी पोचली तेव्हा टॉवेल तोंडातून निघेना, इतके दात रुतले होते.

गाडीत वहिनीने विचारलं, "आईंना तू बोलावलंस का? जिन्यात भेटल्या. मी हाक मारली तर थांबल्या, हसल्या आणि उतरून गेल्या."

दवाखान्यात नळ्या घालून आतडं मोकळं केलं. दादा थोडक्यात वाचला.

मावशीचा गुडघा, घोटा, मनगट मात्र अजून तसंच आहे. दादा तिला आता आई म्हणत नाही. फोनवर नुसतं "मी बोलतोय" म्हणतो. ती मला विचारते, "माझं काही चुकलं का रे?" मला तिच्याशी खोटं बोलावं लागतं, आणि त्याची लाज वाटते.

पिशवी काढून आतडं पुन्हा जोडायचं ऑपरेशन दादाने दोनदा पुढे ढकललं. भुलीतून बाहेर येताना माणूस काय बोलतो, ते त्याच्या हातात नसतं. पण आता डॉक्टर ऐकत नाहीत. उद्याची तारीख दिली आहे.

काल दादाने माझा हात धरला. "मी पुरता शुद्धीवर येईपर्यंत माझ्या तोंडावर हात ठेवशील?"

मी हो म्हणालो.

भूल उतरेपर्यंत आत कोणालाही सोडत नाहीत, हे मला आज सकाळी नर्सने सांगितलं. दादाला मी ते अजून सांगितलेलं नाही.